वैद्यकातले शब्द : ‘सिंगल्टस’ म्हणजे उचकीच

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी त्यांच्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना उचकी लागली, ती चार दिवस थांबली नाही. नंतर गोळ्यांनी ती बंद झाली आणि आम्ही त्यांना घरी आणले. घरी डिस्चार्ज कार्ड नीट वाचले, तेव्हा निदानाच्या रकान्यात पित्ताशयाच्या नोंदीखाली हाताने लिहिलेला एक इंग्रजी शब्द दिसला. धाकट्या भावाने तो ‘सिंगल ट्यू’ असा वाचला आणि पुढची अक्षरे लागेनात म्हणून त्याचा अर्थ ‘एक ट्यूमर’ असा लावला. वडिलांना काही न सांगता आम्ही दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या औषध दुकानदाराने तो शब्द ‘सिंगल्टस’ असल्याचे सांगितले. हा शब्द नेमका काय आहे, तो कसा लिहितात आणि हा आजार गंभीर आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘सिंगल्टस’ म्हणजे उचकी, त्याहून अधिक काहीही नाही. आपल्या वडिलांना जी चार दिवस उचकी लागली होती, तिचीच नोंद डॉक्टरांनी तिच्या लॅटिन नावाने केली आहे. गाठीशी किंवा कर्करोगाशी या शब्दाच्या अर्थाचा काडीचाही संबंध नाही. हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगावे आणि वडिलांनाही ते कार्ड दाखवावे, कारण घरात आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे हे आजारी माणसाला कोणी न सांगताही कळते.

रोमन लिपीत हा शब्द नऊ अक्षरांचा आहे : एस, आय, एन, जी, यू, एल, टी, यू, एस. इंग्रजी उच्चारात जोर मधल्या ‘गल्’वर येतो, म्हणून देवनागरीत ‘सिंगल्टस’ असे लिहिणे योग्य ठरते. लॅटिन उच्चार जसाच्या तसा ठेवायचा असेल तर ‘सिंगुल्टुस’ असे लिहावे लागेल. आपल्या भावाची चूक कशी झाली असेल, हे मला हाताने लिहिलेली कार्डे रोज वाचत असल्यामुळे सहज समजते. घाईच्या अक्षरात ‘जी’ आणि ‘यू’ एकमेकांना चिकटतात, त्यांच्यापुढे ‘एल’ उंच उभा राहतो, आणि शेवटचे ‘यू’ व ‘एस’ यांची नुसती लांबट रेघ होते. मग डोळ्यांना आधी ‘सिंगल’ हा ओळखीचा शब्द दिसतो, आणि उरलेल्या ‘टी-यू’चे काय करायचे हे मनातली भीती ठरवते. डिस्चार्ज कार्ड हा घरी नेऊन वाचायचा कागद आहे. त्यावर ‘हिकप्स’ किंवा सरळ मराठीत ‘उचकी’ असे लिहिले असते तर एका कुटुंबाच्या दोन रात्री वाचल्या असत्या. डॉक्टरांनी आपसात कोणताही शब्द वापरावा, पण रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर रुग्णाला कळणारा शब्द असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आणखी एक चूक नेहमी होते, आणि तीही भीतीला जागा करून देते. पुष्कळ जण, त्यांत वैद्यकाचे विद्यार्थीही आले, या शब्दाचा शेवट ‘टिस’ असा करतात. वैद्यकात ‘आयटिस’ हा प्रत्यय दाह किंवा सूज दाखवतो. टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिलची सूज, अपेंडिसायटिस म्हणजे अपेंडिक्सची सूज. सिंगल्टसमध्ये तसले काही नाही. त्याच्या शेवटी असलेले ‘टस’ हे लॅटिनमध्ये क्रियेचे नाव तयार करणाऱ्या शब्दांचे शेपूट आहे. खाज सुटणे याला ‘प्रुरायटस’ म्हणतात आणि कानात आवाज येणे याला ‘टिनिटस’ म्हणतात, तीही याच घडणीची नावे आहेत आणि त्यांचेही स्पेलिंग असेच चुकते. ही तिन्ही नावे शरीरात काय घडते आहे तेवढेच सांगतात. ते का घडते आहे, याविषयी ती काहीही सांगत नाहीत. म्हणूनच ‘सिंगल्टस’ हे लक्षणाचे नाव आहे, रोगाचे नाही.

आता शरीरात घडते काय, ते पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक पातळ स्नायू असतो, त्याला आपण श्वासपटल म्हणतो. आपण श्वास घेतो तेव्हा तो खाली सरकतो आणि फुप्फुसांत हवा शिरते. उचकीच्या वेळी हा स्नायू, आणि त्याच्याबरोबर बरगड्यांमधले स्नायू, आपल्या इच्छेशिवाय एकदम आकुंचन पावतात व हवा झपाट्याने आत ओढली जाते. ती ओढली जाऊ लागल्यापासून साधारण ३५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या जवळपास तिसाव्या भागात, स्वरयंत्रातले कंठद्वार बंद होते. आत येणारी हवा त्या बंद दारावर आपटते आणि आपल्याला ओळखीचा तो आवाज येतो. एका मिनिटात अशा ४ पासून ६० पर्यंत उचक्या येऊ शकतात. श्वासपटलाला हुकूम देणारा फ्रेनिक नावाचा मज्जातंतू मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जारज्जू-खंडांतून निघतो आणि संपूर्ण छाती ओलांडून खाली येतो. शिवाय जठर, अन्ननलिका, घसा व कान इथल्या खबरी मेंदूच्या देठापर्यंत नेणारा व्हेगस हा दुसरा मज्जातंतूही या साखळीत आहे. मार्ग इतका लांब असल्यामुळे त्यावर कुठेही चाळवाचाळव झाली तरी उचकी लागू शकते.

आपल्या वडिलांच्या बाबतीत कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, तो श्वासपटलाला खालून ताण देतो. पित्ताशय यकृताला लागून, म्हणजे श्वासपटलाच्या अगदी जवळच असते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घातलेली असते, शस्त्रक्रियेनंतर जठरात हवा साचते, आणि उलटी होऊ नये म्हणून किंवा सूज उतरावी म्हणून दिलेल्या डेक्सामेथॅसोनसारख्या औषधानेही काही जणांना उचकी लागते. अशा उचकीचा त्रास लहान समजू नये. पोटाला टाके घातलेला वयस्क रुग्ण प्रत्येक उचकीला दोन्ही हातांनी उशी पोटाशी दाबून धरतो, बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतो, घास तोंडाशी नेऊन पुन्हा खाली ठेवतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा जागा होतो. हे मी वॉर्डात कितीतरी वेळा पाहिले आहे. चार दिवस असे गेले असतील तर आपले वडील आजारापेक्षा जागरणाने अधिक थकले असतील. त्यांना झोपू द्यावे.

कार्डावर ‘सिंगल्टस’च्या आधी ‘पर्सिस्टंट’ असा शब्द असेल तर त्यानेही दचकू नये. ४८ तासांहून अधिक टिकलेल्या उचकीला हे विशेषण लावतात, आणि एक महिन्याहून अधिक टिकली तर तिला ‘इन्ट्रॅक्टेबल’ म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑसबोर्न या शेतकऱ्याला १९२२ मध्ये एका डुकराचे वजन करताना उचकी लागली, ती १९९० पर्यंत, म्हणजे ६८ वर्षे, थांबली नाही. त्याने त्या उचकीसह संसार केला, आठ मुले वाढवली, आणि उचकी थांबल्यानंतर १९९१ मध्ये तो वारला. असे उदाहरण अगदी विरळा असते. गोळ्यांच्या यादीत क्लोरप्रोमाझिन किंवा बॅक्लोफेन हे नाव असेल तर तेही आधीच सांगून ठेवतो : पहिले औषध मुळात मनोविकारांसाठी आणि दुसरे स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी वापरतात, परंतु न थांबणाऱ्या उचकीसाठी ही दोन्ही औषधे देण्याची पद्धत जुनी आणि मान्य आहे. इंटरनेटवर औषधाचे नाव शोधून वडिलांना मनोविकार जडला, असा नवा अर्थ कोणी काढू नये. मात्र या गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळे वयस्क माणसाला रात्री उठताना हात द्यावा, आणि गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे चालू ठेवू नयेत.

उचकी पुन्हा लागली आणि ४८ तासांत थांबली नाही तर डॉक्टरांकडे जावे. उचकीबरोबर बोलणे अडखळू लागले, दोन-दोन दिसू लागले, तोल जाऊ लागला, गिळता येईना, हातापायातली शक्ती गेली किंवा छातीत दुखू लागले, तर एक तासही न थांबता रुग्णालय गाठावे. मेंदूच्या देठाला होणारा रक्तपुरवठा अडला तर त्या झटक्यात उचकी हे ठळक लक्षण असू शकते, आणि हृदयाच्या खालच्या भागाचा झटकाही क्वचित उचकीच्या रूपाने जाणवतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाची न थांबणारी उचकीही घरी बसून पाहू नये, कारण रक्तात साचलेला युरिया किंवा कमी झालेले सोडियम तिच्यामागे असू शकते.

प्रश्न : ‘सिंगल्टस’ आणि ‘सिंगल’ या शब्दांचे मूळ एकच आहे का? आणि उचकीसारख्या रोजच्या गोष्टीला एवढे जड लॅटिन नाव का पडले असावे? मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आज हे नाव जड वाटते, पण लॅटिन बोलणाऱ्यांसाठी तो घरगुती शब्द होता, आणि त्याचा पहिला अर्थ उचकी असा नव्हताच. ‘सिंगुल्टुस’ म्हणजे हुंदका. रडताना श्वास अडकतो, तुटतो, पुन्हा धक्क्याने आत ओढला जातो, त्या तुटलेल्या श्वासाचे ते नाव होते. मरणाऱ्या माणसाच्या धापेलाही रोमन लोक हाच शब्द वापरत, आणि उचकीलाही. होरेस हा रोमन कवी आपल्या भावी आश्रयदात्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा संकोचाने अडखळत दोनचार शब्दच बोलू शकला, असे त्याने स्वतः सांगितले आहे. तिथे त्याने ‘सिंगुल्टिम’ हे क्रियाविशेषण वापरले आहे. त्याला ना उचकी लागली होती, ना तो रडत होता. शब्द मात्र तोच, कारण त्या शब्दाच्या पोटात ‘तुटक तुटक’ ही कल्पना आहे. ‘एकेक’ असा अर्थ असलेल्या ‘सिंगुली’ या लॅटिन शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते ते याच कल्पनेवरून. इंग्रजी ‘सिंगल’ही त्या ‘सिंगुली’च्याच घराण्यातला असल्यामुळे आपली शंका निराधार नाही. तरी हे नाते निर्विवाद समजू नये, आणि आजच्या वैद्यकीय अर्थात तर ‘एक’ या कल्पनेचा मागमूसही उरलेला नाही.

मला या शब्दाविषयी खरी ओढ वाटते ती हुंदका आणि उचकी यांच्या या जुळेपणामुळे. रोमन साम्राज्याच्या वारस भाषांनी हा शब्द वाटून घेतला. इटालियनमध्ये त्याचा ‘सिंग्योत्सो’ झाला आणि तो आजही दोन्ही अर्थ सांगतो. पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘सुलुसु’ झाला, त्याचेही दोन्ही अर्थ टिकले. गोव्यातल्या ज्या जुन्या घरांत पोर्तुगीज बोलली जाते त्या वाचकांना हे सांगायला नको. फ्रेंचमधला ‘सांग्लो’ आणि स्पॅनिशमधला ‘सोयोसो’ मात्र फक्त हुंदक्यापुरते उरले, आणि उचकीसाठी त्या भाषांनी आवाजावरून घडलेले वेगळे शब्द घेतले. लॅटिनच्या बाहेरही हे जुळेपण दिसते. ग्रीकमधला ‘लिग्मोस’ हा शब्द प्राचीन काळी उचकीसाठी होता, आज तो हुंदक्यासाठी आहे. आणि इतक्या दूर जायलाही नको. सोलापूर, अक्कलकोट, बेळगाव या भागांतल्या कन्नड जाणणाऱ्या वाचकांना ठाऊक असेल, की कन्नडमध्ये उचकीला ‘बिक्कळिके’ म्हणतात आणि हुंदके देत रडण्याला ‘बिक्की बिक्की अळु’ म्हणतात. तेलुगूतही उचकी म्हणजे ‘एक्किळ्ळु’, आणि हुंदके देऊन रडणे म्हणजे ‘एक्की एक्की’ रडणे. रोमच्या भाषेचा आणि दक्षिणेतल्या या भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना दोन्हीकडच्या लोकांना एकच साम्य जाणवले.

ते साम्य कोणालाही घरातल्या घरात पाहता येते. लहान मूल खूप रडून रडून शेवटी आईच्या खांद्यावर झोपी जाते. डोळे मिटलेले असतात, गालावरचे पाणी अजून सुकलेले नसते, आणि श्वास संथ चालू असतो. मध्येच छाती दोन-तीन पायऱ्यांनी धक्के खात वर उचलली जाते, आत ओढलेला श्वास तुटत तुटत पूर्ण होतो आणि मूल पुन्हा शांत होते. त्या दोन-तीन पायऱ्यांच्या श्वासाला रोमन आई ‘सिंगुल्टुस’ म्हणाली असती. श्वासपटलाचा धक्का तिथेही असतो. उचकीसारखे कंठद्वार तेवढे खटकन बंद होत नाही. मराठीने या दोन्हींना वेगवेगळे शब्द दिले हे आपल्या भाषेचे बारकावा जपणारे वैशिष्ट्य आहे, पण त्यामुळेच आपल्याला हे नाते सहज दिसत नाही.

प्रश्न : आयुर्वेदातली ‘हिक्का’ आणि इंग्रजीतला ‘हिकप’ यांत इतके साम्य कसे? संस्कृतमधूनच हा शब्द इंग्रजीत गेला, असे आमच्या वाचन मंडळात एकाने ठामपणे सांगितले.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हे साम्य खरे आहे, पण उसनवारीचे नाही. स्वीडिशमध्ये उचकीला ‘हिका’ म्हणतात, डॅनिशमध्ये ‘हिके’, डचमध्ये ‘हिक’. या सगळ्यांनी संस्कृतमधून शब्द नेला असे मानायला काही आधार नाही. सगळ्यांनी एकच आवाज ऐकला आणि आपापल्या तोंडाने तो उच्चारला, एवढेच. हवा आत ओढली जाते तो ‘हि’ आणि कंठद्वार मिटते तो ‘क्’. संस्कृत धातुपाठातही ‘हिक्क्’ हा धातू ‘अव्यक्त शब्द करणे’, म्हणजे अस्पष्ट आवाज करणे, अशा अर्थाने दिलेला आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मात्र या नावाची वेगळीच व्युत्पत्ती सांगितली आहे, आणि ती मुळातून वाचण्याजोगी आहे. यकृत, प्लीहा आणि आतडी जणू तोंडावाटे बाहेर फेकावीत अशा आवेगाने वायू पुन्हा पुन्हा आवाजासह वर येतो, आणि तो प्राणांची त्वरित हिंसा करतो, म्हणून जाणकार त्याला हिक्का म्हणतात, असे तिथे म्हटले आहे. व्याकरणकारांनी नावात आवाज ऐकला. वैद्यांनी त्याच नावात मृत्यूची चाहूल ऐकली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास (म्हणजे धाप लागण्याचा, दम्यासारखा विकार) यांचा विचार एकाच, म्हणजे सतराव्या, अध्यायात आहे, आणि प्राण घेणारे रोग पुष्कळ असले तरी हिक्का आणि श्वास यांच्याइतक्या वेगाने ते प्राण घेत नाहीत, असे तिथे बजावलेले आहे. जेवताना लागणाऱ्या उचकीसाठी ही भाषा आपल्याला भलतीच कठोर वाटते. परंतु त्या वैद्यांसमोर अखेरच्या अवस्थेतले रुग्ण येत होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाची दिवसेंदिवस न थांबणारी उचकी ज्याने पाहिली आहे, त्याला ती भाषा अतिशयोक्तीची वाटणार नाही.

त्यांनी सगळ्या उचक्यांना एका मापाने मोजलेही नाही. सुश्रुतांनी पाच प्रकार सांगितले : अन्नजा, यमला, क्षुद्रा, गंभीरा आणि महती. चरकांच्या यादीत यमलेच्या जागी व्यपेता येते. घाईघाईने खाण्यापिण्याने लागणारी आणि आपोआप थांबणारी ती अन्नजा. जुळ्यासारखी जोडीजोडीने येणारी ती यमला. श्रमानंतर गळ्याच्या मुळाशी उठणारी, फारसा त्रास न देणारी ती क्षुद्रा. नाभीपासून खोल आवाज करीत उठणारी ती गंभीरा. आणि सर्व अंग हलवून सोडणारी ती महती. पहिली निरुपद्रवी आणि शेवटच्या दोन घातक, हा विवेक आजच्या ४८ तासांच्या मोजमापाच्या कितीतरी आधीचा आहे. आपल्या वाचन मंडळाने अभिमान बाळगायचा असेल तर तो या निरीक्षणाचा बाळगावा. शब्द इंग्रजीला दिल्याचा दावा सोडून द्यावा.

प्रश्न : इंग्रजीत ‘हिकप’चे दोन प्रकारे स्पेलिंग दिसते. एकाच्या शेवटी ‘कप’ आहे, तर दुसऱ्याच्या शेवटी खोकल्याचा ‘कफ’. बरोबर कोणते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिले. इंग्रजीतला जुना शब्द आवाजावरूनच घडला आणि सोळाव्या शतकापासून तो निरनिराळ्या रूपांत लिहिला जात होता. पुढे कोणाला तरी वाटले की उचकी हा खोकल्याचाच एखादा प्रकार असावा, आणि शब्दाचा शेवट खोकल्याच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लिहिला जाऊ लागला. खोकल्यात हवा बाहेर फेकली जाते आणि उचकीत ती आत ओढली जाते, म्हणजे ही समजूत अगदी उलटी होती. गंमत अशी की लिहिणे बदलले तरी बोलणे बदलले नाही. दुसऱ्या स्पेलिंगचाही उच्चार ‘हिकप’ असाच करतात, ‘हिकफ’ असा कधीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत उचकीला आर ०६.६ हा क्रमांक आहे आणि तिथे हेच खोकल्याचे रूप छापलेले आहे. त्यामुळे विम्याच्या कागदावर ते दिसले आणि डिस्चार्ज कार्डावर ‘सिंगल्टस’ दिसले, तर दोन वेगळे आजार लिहिले गेले असे समजू नये. ‘सिंक्रोनस डायफ्रॅग्मॅटिक फ्लटर’ असे आणखी एक लांबलचक नावही कधी कधी आढळते. तेही उचकीचेच आहे, पण घोड्यांच्या वैद्यकात ते अधिक वापरले जाते.

प्रश्न : माझे बाळ दीड महिन्याचे आहे. त्याला दिवसातून चार-पाच वेळा उचकी लागते. सासूबाई म्हणतात की बाळाची आतडी वाढत आहेत, काळजी करू नकोस. शेजारच्या मावशींनी चमचाभर पाणी आणि मधाचे बोट द्यायला सांगितले. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आतडी वाढण्याचा आणि उचकीचा संबंध नाही, पण काळजी करू नकोस हे सासूबाईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे. बाळ पोटात असतानाही उचक्या देते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एकाच जागी, ठरावीक अंतराने टिचक्या मारल्यासारखे जे आपल्याला जाणवले असेल, ते बहुधा तेच होते. जन्मानंतरही पहिले काही महिने दूध पिताना जठर फुगले की उचकी लागते आणि काही मिनिटांत थांबते. बाळाला खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी, आणि बाळ शांत असेल तर काही न करता थांबावे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी देऊ नये, आणि एक वर्षापर्यंत मध अजिबात देऊ नये. मधातल्या जंतुबीजांमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम नावाचा घातक विषबाधेचा आजार होऊ शकतो. मावशींनी प्रेमानेच सांगितले आहे, तेव्हा त्यांना हे कारण समजावून सांगावे. उचकीबरोबर बाळ निळसर पडत असेल, दूध घ्यायचे नाकारत असेल किंवा प्रत्येक वेळी जोराची उलटी करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मोठ्यांच्या उचकीवर घरात जे उपाय करतात, त्यांतले श्वास रोखून धरणे, गार पाणी एका दमात पिणे आणि चमचाभर कोरडी साखर गिळणे हे निरुपद्रवी आहेत आणि पुष्कळदा उपयोगी पडतात. साखरेविषयी तर १९७१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात नोंद आली होती, की २० रुग्णांना ती दिली असता १९ जणांची उचकी थांबली; अर्थात तुलनेसाठी साखर न दिलेले रुग्ण त्यात नव्हते. डोळ्यांची बुबुळे दाबण्याचा जुना उपाय मात्र कोणीही करू नये. त्याने डोळ्याला इजा होते आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात.

प्रश्न : मी परिचारिका अभ्यासक्रमाला आहे. रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक तयार करायचे आहे. ‘सिंगल्टस’साठी ‘हिक्का’ लिहावे, ‘उचकी’ की आमच्याकडे म्हणतात तसे ‘गुचकी’? आणि ‘उचकी’ कसे लिहायचे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : छापील पत्रकात ‘उचकी’ लिहावे. ‘हिक्का’ हा शब्द आयुर्वेदाच्या पाच प्रकारांसह येतो आणि वाचणाऱ्याला तो त्या शास्त्राचा वाटतो. ‘गुचकी’ हा शब्द चुकीचा नाही, तो जिवंत आणि गोड आहे, परंतु सगळ्या महाराष्ट्रात तो कळेलच असे नाही. रुग्णाशी बोलताना मात्र तोच वापरावा. खाटेजवळ उभे राहून ‘आजोबा, गुचकी थांबली का?’ असे विचारले, तर आजोबा जे उत्तर देतील ते ‘सिंगल्टस आहे का?’ या प्रश्नाला मिळणार नाही. ‘उचकी’ लिहिताना पहिला ‘उ’ ऱ्हस्व आणि शेवटचा ‘की’ दीर्घ, अनेकवचन ‘उचक्या’. ‘उचकी लागली’ आणि ‘उचक्या येतात’ हे दोन्ही प्रयोग बरोबर आहेत, आणि वॉर्डाच्या नोंदीत त्यांतला फरक उपयोगी पडतो, कारण ‘लागली’ म्हटले की सुरुवात कळते आणि ‘येतात’ म्हटले की ती अजून चालू आहे हे कळते. सुरू झाल्याची वेळ त्याच ओळीत लिहावी. ४८ तास कधी पूर्ण होतात, हे पुढच्या पाळीच्या परिचारिकेला त्यावरूनच मोजायचे असते.